देवाच्या खोलीचं दार

सोमवार, ता. ४

गावच्या शाळेतले मास्तर सांगायचे, रोज चार ओळी लिहा, पण घडलं तेवढंच लिहा. वाटलं ते लिहायला तुम्ही अजून लहान आहात. आता पन्नाशी आली. अधूनमधून वाटलेलंही लिहायला हरकत नसावी.

आज काकांचा फोन आला. पणजीला जाऊन या महिन्याअखेरीस वर्ष होईल. खरं तर ती माझी आजी, काकांची सख्खी आई. पण माझी मुलगी जन्मली तेव्हा ती म्हणाली, "चला, मला बढती मिळाली," आणि तेव्हापासून सगळं घर, काकांसकट, तिला पणजीच म्हणू लागलं.

काका मोठ्या कचेरीतून निवृत्त झाले. त्यांची सूचना देण्याची सवय मात्र अजून नोकरीत आहे. म्हणाले, "सगळे नातेवाईक जमतील. तोवर एक काम कर. देवाच्या खोलीचं दार काढ, पुढची फळ्यांची भिंतही काढ. आईची भक्ती एवढी मोठी, आणि ती एका कोपऱ्यात दार लावून ठेवायची? सगळ्यांना एकत्र बसता आलं पाहिजे. आणि त्या दिवशी तिच्याबद्दल तूच चार शब्द बोल. तिच्या सगळ्यात जवळ तूच होतास."

मला हे फार पटलं. मी सुतार. पणजीसाठी हातानं काही करायचं राहून गेलं होतं.

जेवताना घरात सांगितलं. मला वाटलं, तिघीही खूश होतील. आईनं घास खाली ठेवला. "ते दार कुणाचं काय खातंय?" ती म्हणाली.

बायको म्हणाली, "भिंत काढली तर छप्पर खाली येईल."

"अगं, ती नुसती आडभिंत आहे. तिच्यावर कसलाच भार नाही."

"तरी."

मुलगी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "बाबा, सध्या दुसरं काम नाही का तुमच्याकडे?"

जुन्या वस्तूंवर बायकांचा जीव असतो. होईल सवय.

बुधवार, ता. ६

आज मापं घेतली. खोली म्हणजे काय, एक माणूस पाय पसरून आडवा होईल एवढीच. समोरच्या भिंतीत देवाचा कोनाडा, त्याच्यासमोर छोटी खिडकी, बाजूला दार. लहानपणी मला ती केवढी मोठी वाटायची.

पणजीला मी बसलेली पाहिली ती फक्त इथे. म्हणजे पाहिली असंही नाही, कारण दार बंद असायचं. एरवी ती उभीच. पुढच्या खोल्यांत आजोबांचा सुतारकामाचा कारखाना चालायचा. तिथले कारागीर आमच्याकडेच जेवायचे. तिची स्वतःची पाच मुलं, बहिणीची दोन, वर सासूसासरे. कुणी तिला वहिनी म्हणायचं, कुणी काकू, कुणी आई, आजोबा नुसतंच "अगं" म्हणायचे. ती सगळ्या हाकांना ओ द्यायची. जेवायचीसुद्धा ओट्याशी उभी राहून. ताट एका हातात, डाव दुसऱ्या हातात.

पण सगळ्यांची जेवणं आटोपली, भांडी घासून झाली, की ती देवाच्या खोलीत जायची आणि दार ओढून घ्यायची. बाकीचे लोक देवाला सकाळी आठवतात. पणजी भर दुपारी बसायची, सगळं जग पेंगत असतं तेव्हा. केवढा निग्रह म्हणायचा हा. त्या वेळी तिला कुणी हाक मारायची नाही, हा घरातला एकच नियम होता. तो आजोबाही पाळायचे, ते एरवी कुणाचं काही ऐकत नसत तरी.

मी लहान असताना दाराबाहेर बसून राहायचो. आतून अधूनमधून बारीक कुरकुर असा आवाज यायचा. जपाची माळ ओढायची ती. बाहेर आली की तिच्या तोंडाला पेपरमिंटचा वास यायचा आणि चेहरा असा, की जणू कुणी पाणी मारून ताजा केलाय.

एकदा विचारलं, "देव काय म्हणाला?"

म्हणाली, "तो कुठे बोलतो? म्हणून तर बरं वाटतं."

त्या एका उत्तरावर मी आयुष्यभर चाललोय. रंधा मारतानाही मी मनात काही मागत नाही. नुसता गप्प असतो.

गुरुवार, ता. ७

जमिनीच्या फळ्या तपासल्या. लाकूड खोटं बोलत नाही. माणूस जिथे रोज बसतो तिथे ते थोडं झिजतं आणि गुळगुळीत होतं. आज पाहतो तर ही झीज कोनाड्यासमोर नाही. कोनाड्याच्या खाली, भिंतीला लागून आहे. वर भिंतीवर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल त्या उंचीवर, डोक्याच्या तेलाचा गोल डाग.

म्हणजे पणजी देवाकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसायची.

मग लक्षात आलं. देव पाठीशी आहे असं आपण नुसतं म्हणतो. तिनं ते खरंच केलं होतं. समोर बसून देवाला न्याहाळायचंही नाही, त्याच्यावर पाठ टेकून द्यायची. एवढा विश्वास माझ्याकडे नाही.

फळ्यांच्या फटीत पेपरमिंटचे जुने कागद सापडले. एक चॉकलेटचा चकचकीत कागदही होता, तो मात्र हल्लीचा दिसला. उंदरांनी ओढून आणला असणार. पिंजरा लावायला हवा.

शनिवार, ता. ९

पेचकस सापडत नाही. दोन्ही पेचकस. काल हत्यारांच्या पेटीत होते. बायकोला विचारलं तर म्हणाली, "तुमची हत्यारं, मला काय माहीत?" आईला विचारलं तर तिला अचानक ऐकू येईनासं झालं.

बायको हल्ली देवाच्या खोलीत जास्त वेळ बसते. पणजीच्या मागे तिनंच ते व्रत घेतलंय, आणि दुपारचीच वेळ धरलीय. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जाड पुस्तक आत नेते. तिचं झालं की आई बसते, तेच पुस्तक घेऊन. मला समाधान वाटतं. आज भाजी निवडताना दोघी त्यातल्याच कथेवर बोलत होत्या.

आई म्हणाली, "विष डॉक्टरनंच दिलं असणार."

बायको म्हणाली, "पुढचं सांगू नका हं, माझं तिथवर झालेलं नाही."

एखाद्या सत्पुरुषाचा छळ झाला असेल. जगात चांगल्या माणसांच्या वाट्याला हे येतंच.

मुलगीसुद्धा जाते. फोन घेऊन जाते, भजनं ऐकते म्हणे. परवा आतून तिचं हसणं ऐकू आलं. या वयात देवाच्या नावानं हसू फुटणं ही लहान गोष्ट नाही.

मंगळवार, ता. १२

आत्या आली. काकांची धाकटी बहीण, पणजीचं शेंडेफळ. रात्रभराचा प्रवास. दारात पाऊल ठेवताच तिची सून फोनवर, मुलगा फोनवर, नवरा फोनवर: किल्ली कुठे, गोळ्या कुठे, दूध किती घ्यायचं. तिनं तिघांनाही उत्तरं दिली, पिशवी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "मी आधी देवाच्या खोलीत जाते."

बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा गालावर चटईचे वळ उठले होते. साष्टांग नमस्कार घातला असणार, आईच्या आठवणीनं.

तिला दार काढायचा बेत सांगितला.

"ही अक्कल कुणाची?"

"काकांची."

"वाटलंच मला. त्याला जन्मात कधी कुणी कामाच्या मधून उठवलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुला माहीत आहे का, तुझ्या आजोबांनी घरातल्या प्रत्येक दाराला स्वतःच्या हातानं कडी बसवली. एवढ्या दाराला नाही. आईनं किती वेळा मागितली. ते म्हणायचे, देवाला कडी कशाला, त्याच्याकडे चोर येतात का?"

"मग?"

"मग काय. पाचर मारायची खालून."

ती पाचर मला दाराच्या मागे सापडली. बोटांनी धरून धरून काचेसारखी गुळगुळीत झालेली. दार वाऱ्यानं वाजत असणार, आणि त्यानं तिचं ध्यान मोडत असणार. बिचारी.

पेचकसही सापडले. तांदळाच्या डब्यात. तिथे कसे गेले, देव जाणे.

गुरुवार, ता. १४

दार काढलं. बिजागऱ्या गंजल्या होत्या, पण शेवटी आल्या. दार कारखान्यात भिंतीला टेकवून ठेवलंय. फळ्यांची भिंत उद्या-परवा.

आज सगळ्यांच्या चहात साखर नव्हती.

शनिवार, ता. १६

घरात काहीतरी बिनसलंय. आई आणि बायको झाडू कुठे ठेवायचा यावरून भांडल्या. एवढ्या वर्षांत त्या कधी भांडल्या नव्हत्या. मुलीनं कपाटाचं दार असं आपटलं, की बिजागरी ढिली झाली. आत्या फोन बंद करून मागच्या पायरीवर बसली होती. पण तिथेही शेजारीण येऊन बोलत राहिली.

दुपारी बायको देवाच्या खोलीत बसायला गेली. मला बरं वाटलं. दार नसल्यामुळे आता ती दिसतही होती. ती पाठ टेकून, डोळे मिटून बसली होती, पणजीसारखीच. मला चष्मा सापडत नव्हता, म्हणून विचारलं. तिनं डोळे न उघडता सांगितलं, "कपाळावर." मग चहाला कोण येणार आहे ते विचारलं. मग आईनं गॅसचं विचारलं. मग मुलीनं चार्जर मागितला. मग मला आठवलं की फळ्यांच्या भिंतीचं तिला विचारायचं राहिलं. तेवढ्यात ती उठून आलीच.

मी म्हटलं, "आज लवकर आटोपली प्रार्थना."

ती म्हणाली, "हो ना. देवालाच घाई होती."

तिचे डोळे ओले होते. भक्तीत असं होतं. पण मला ते ओले डोळे बरे वाटले नाहीत. का ते सांगता येत नाही. फळ्यांची भिंत आज काढली नाही.

सोमवार, ता. १८

पणजीबद्दल काय बोलायचं ते लिहायला बसलो. "त्यागमूर्ती" असं लिहिलं आणि खोडलं. ते ऐकून ती स्वतः हसली असती. "कधी थकली नाही" असं लिहिलं, तेही खोडलं.

शेवटच्या वर्षाची आठवण आली. तिला चालवत नव्हतं. नव्वदी ओलांडून कितीतरी पुढे गेली होती. अंग पिसासारखं हलकं झालेलं. मी रोज तिला उचलून देवाच्या खोलीत नेऊन बसवायचो. ती म्हणायची, "दार ओढून घे." मी ओढायचो, आणि काही लागलं तर असावं म्हणून बाहेर थांबायचो.

आतून आवाज यायचा, "गेलास का?"

"नाही, पणजी."

"मग जा."

हे भाषणात कसं सांगायचं?

शनिवार, ता. २३

काल आणि आज मिळून सगळे आले. घर भरलं. आजच्यासारखा दिवस मी कधी काढला नव्हता. मी घरचा, वर सुतार, वर कर्ता. खुर्चीचा पाय हलतोय, जरा बघ रे. नळ गळतोय, जरा बघतोस का. मामा, झोका बांधा. दादा, गादी कुठे? अरे, भिंत अजून का नाही काढली? हे काका. दर थोड्या वेळानं तेच. चहाचा पेला चार वेळा तोंडापर्यंत नेला आणि चारही वेळा खाली ठेवला. शेवटी तो थंडगार पिऊन टाकला, ओट्याशी उभं राहून.

उद्या बोलायचं आणि कागद कोरा. काका पुन्हा आले, "तू फक्त सांग, भिंत कधी—" आणि मला काय झालं कुणास ठाऊक, उत्तर देता येईना.

बायको कुठूनशी आली. माझा हात धरून मला मागच्या बाजूला नेलं. बघतो तर देवाच्या खोलीचं दार जागेवर. बिजागऱ्यांत नाही, चौकटीला नुसतं टेकवलेलं. आई आणि आत्या दोन्हीकडून धरून उभ्या. दोघींना धाप लागलेली. एवढं जड दार कारखान्यातून या दोघींनी कसं आणलं असेल?

"आत बसा," बायको म्हणाली.

"अगं, इतकी माणसं आहेत बाहेर."

"आहेत. ती काही कुठे जात नाहीत. भाषण लिहायचंय ना तुम्हाला? बसा. बाहेर आलात की परत सगळ्यांचे व्हा."

आईनं पाचर माझ्या हातात दिली.

मी दार ओढून घेतलं, खालून पाचर मारली. कोनाड्यापुढे हात जोडले. आणि मग, पणजीचा मान म्हणून, तिच्या झिजलेल्या जागेवर बसलो आणि भिंतीला डोकं टेकवलं. डाग बरोबर डोक्यामागे आला.

समोर खिडकी. खिडकीत फार काही नाही. शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, एक दोरी, दोरीवर कुणाचातरी एकच मोजा. तो वाऱ्यानं फिरत होता. एका बाजूनं फिरायचा, थांबायचा, मग उलटा. पणजीनं सगळं आयुष्य हे पाहिलं. मोजा बदलत असेल.

बाहेर काकांचा आवाज आला, "कुठे गेला हा?"

बायको म्हणाली, "ते देवापाशी बसलेत."

आणि काका, ज्यांनी मला लहानपणापासून एक वाक्य पुरं करू दिलं नाही ते काका, चवड्यांवर चालत निघून गेले. मला त्यांची पावलं ऐकू आली.

त्यानंतरचं लिहायला लाज वाटते. मला झोप लागली. साधी डुलकी नव्हे, चटईवर कलंडून चांगली गाढ झोप. तोंड उघडं. देवाच्या खोलीत, पणजीच्या जागेवर. या घरात इतकी माणसं त्या जागी बसून गेली, आणि झोपलेला मी पहिलाच असेन.

जाग आली तेव्हा उन्ह मोज्यावरून टाकीवर गेलं होतं. बाहेर आलो. तिघी ओट्याशी उभ्या होत्या. माझ्या गालाकडे बघून आत्यानं पदर तोंडाला लावला. तिला भरून आलं असावं.

"झाली का प्रार्थना?" आईनं विचारलं.

"झाली," मी म्हटलं. देव क्षमा करो.

मग काकांना त्यांचं वाक्य पुरं करू दिलं, खुर्चीचा पाय बसवला, झोका बांधला. हसत बांधला. कसला त्रास झाला नाही.

रविवार, ता. २४

बोललो. कागद कोराच होता, तसंच उभं राहून बोललो. म्हटलं, पणजी सगळ्यांच्या हाकेला ओ द्यायची हे तुम्हाला माहीत आहे. ते ओ द्यायचं बळ ती ज्या दाराआडून आणायची, ते दार मी काढायला निघालो होतो. तिची प्रार्थना कशी होती हे मला माहीत नाही, कारण ती बंद दारामागची होती, आणि ती तशीच राहावी असं मला वाटतं. तेव्हा काका, क्षमा करा, भिंत निघणार नाही आणि दार परत लागेल.

एवढंच. मला वाटलं, काका चिडतील. ते काही बोलायच्या आत आत्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग आईनं. मग बायको, मुलगी, काकू, सगळ्या चुलत बहिणी. स्मृतिसभेत टाळ्या वाजवतात का? पण पुरुषांनाही मग वाजवाव्या लागल्या. काकूंच्या टाळ्या सगळ्यात जोरात होत्या. काकांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, तरी थांबल्या नाहीत. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आमच्याकडे एक अडगळीची खोली आहे. तिथे देव मांडता येईल का रे? छोटंसं दार लावून?"

काकूंना या वयात ओढ लागली. पणजीची पुण्याई.

मंगळवार, ता. २६

पाहुणे गेले. नव्या बिजागऱ्यांवर दार बसवलं. मग मनात आलं. शनिवारी कुणी दार ढकललं असतं आणि मला घोरताना पाहिलं असतं, तर या भाविक बायकांपुढे माझी काय लाज राहिली असती? पुन्हा तसं होऊ देणार नाही. पण माणसाचं काही सांगता येत नाही.

पितळी कडी निवडली. कोयंडा पटाशीनं कोरून बसवला.

बायको बघत होती. "आतून बसवताय?"

"वाऱ्यानं वाजतं ना दार."

"वाजतं खरं," ती म्हणाली. मग कमरेचा बटवा उघडून तिनं मला एक पेपरमिंट दिली. हिच्याकडे ही कुठून आली, विचारायचं राहिलं. पाचर मी कोनाड्यात देवाशेजारी ठेवली. आजोबांनी नाही दिली ती कडी मी दिली. उशिरा का होईना.

कडी नीट लागते का ते बघायला आई आत गेली. लागली. खटकन आवाज आला, स्वच्छ.

त्याला बराच वेळ झाला. आई अजून बाहेर आलेली नाही. मी बाहेर बसून हे लिहितोय. आतून बारीक कुरकुर ऐकू येते, पणजीची यायची तशीच. जप चालू आहे.

चष्मा सापडत नाहीये, म्हणून अक्षर असं आलंय. तिला विचारणार होतो. हाक ओठांवर आली होती. मग म्हटलं, असू दे.